थंडी न पाजलेलं विमान

१

खोक्यात एकोणचाळीस तुकडे होते.

तोगझानने ते क्लबच्या लांब टेबलावर मांडले आणि तीनदा मोजले. पंखाचे अकरा, धडाचे सतरा, शेपटीचे चार. मोटर एक. पुढच्या पात्याचा अर्धा भाग एक. रेडिओचा रिसीव्हर एक, बॅटरी एक. सर्व्हो दोन, म्हणजे रेडिओच्या हुकमाने बोटभर हात हलवणाऱ्या छोट्या मोटरी. आणि सुकाणूची काळी कार्बनची दांडी, एक. तिन्ही वेळा एकोणचाळीस.

कझाकस्तानातल्या करागंदाच्या वजनमापांच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर दुसऱ्यांचे तराजू तपासायची. मोजण्यात चूक झाली तर ती आपली नसणार, एवढी खात्री तिला होती. पण आज ती रागाने मोजत होती.

गेल्या रविवारी गावाबाहेरच्या बर्फाच्या मैदानावर हिवाळी स्पर्धेत हे विमान पडलं. उडवणारे होते रॉबर्ट गेनरिखोविच लांगे, वय एकाहत्तर. क्लबमधल्या निम्म्या लोकांना रेडिओचं विमान उडवायला त्यांनीच शिकवलेलं, तोगझानलाही. नवव्या मिनिटाला विमानाने नाक खाली घातलं आणि ते सरळ प्रेक्षकांकडे आलं. पडलं सहा पावलं अलीकडे, पण पळताना एक बाई घसरली आणि तिचं मनगट मोडलं. संध्याकाळपर्यंत निकाल सगळ्यांच्या तोंडी होता. म्हाताऱ्याचा हात कापतो. शनिवारी चार वाजता बैठक, त्यांचं उड्डाणपत्र रद्द, शिकवणंही बंद.

"हात कापतो," तोगझान रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "हात दहा वर्षं कापतोय. विमान आत्ता पडलं."

तिने शेपटीचा तुकडा उचलला. शेपटीच्या हलत्या फळीला, एलिव्हेटरला, खालच्या बाजूने एक छोटं शिंग असतं. क्लबात सगळे त्याला डुकराचं पिल्लू म्हणतात. पुढच्या सर्व्होपासून ऐंशी सेंटिमीटर लांब दांडी येते, तिच्या टोकाचा चिमटा त्या पिल्लाच्या कानातल्या भोकात बसतो. दांडी पुढे ओढली की फळी खाली जाते आणि विमान नाक घालतं. मागे ढकलली की फळी वर उचलली जाते, विमान चढतं.

ती दांडी टेबलावर नव्हती.

तिने भिंग घेतलं. पिल्लाचं भोक गोल होतं, अखंड. ना फाटलेलं, ना खरवडलेलं. सर्व्होच्या हाताचं भोकही तसंच. आपटून दांडी उपटली असती तर प्लास्टिक फाटलं असतं. हा चिमटा नखाने उघडल्याशिवाय निघतच नाही.

दांडी बर्फात हरवली नव्हती. विमान पडल्यानंतर कोणीतरी ती दोन्ही टोकांनी सोडवून नेली होती.

२

रॉबर्ट गेनरिखोविचनी तिला आत घेतलं, चहा ओतला, आणि निम्मा बशीत सांडला.

"बघ," ते म्हणाले. "आणि तू म्हणतेस चौकशी कर."

"चहाचं सोडा. उड्डाणाचं सांगा."

"सांगायला काय आहे? माझीच चूक. मी त्याला थंडी पाजली नाही."

तोगझानने कप खाली ठेवला. हा त्यांचाच नियम. हिवाळ्यात बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ऊबेत ठेवायची, पण विमान अर्धा तास आधी बर्फावर ठेवायचं. लाकूड, धातू, तारा, सगळ्यांनी जे आखडायचं ते जमिनीवरच आखडावं, मग फळ्या सरळ आहेत का बघावं, मगच उडवावं. हा नियम मोडला म्हणून त्यांनी तोगझानला ती बारा वर्षांची असताना महिनाभर नुसतं घासकागद मारायला बसवलं होतं.

"तुम्ही? तुम्ही विसरलात?"

"विसरलो नाही. विमान आपल्या अध्यक्षाच्या, काझीबेकच्या गाडीत होतं, हीटर लावून. मी म्हटलं, बाहेर काढ. तो म्हणाला, पाहुणे खोळंबलेत, उणे चोवीस आहे, कशाला बिचाऱ्याला गारठवता? पंच हाका मारत होते. गाडीतून काढलं आणि सरळ हवेत." त्यांनी टेबलावरचा चहा बाहीने पुसला. "तीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग वर काय झालं?"

म्हातारा खिडकीकडे वळला. 

"सुरुवातीला लोण्यासारखं. दुसऱ्या मिनिटाला नाक जरा जड वाटलं. ट्रिमच्या बारीक बटणाला नाक उचलायला चार टिचक्या दिल्या. चौथ्या मिनिटाला आणखी सहा. मग ट्रिम संपली. मग हातातल्या रेडिओचं दांडकं मागे ओढून धरायला लागलो, दर मिनिटाला जास्त. शेवटी पोटापर्यंत ओढलेलं होतं, तरी ते खालीच. मला वाटलं, हे हातच गेले आपले. माणसाला कळत नाही, तोगझान. मी ओढतोय की मला ओढल्यासारखं वाटतंय, तेच कळेना."

"लोक म्हणतात तुम्ही दांडकं झटकत होतात."

"झटकत असेन. बुडणारा पोहतो तेव्हा नाचतोय असंच दिसतं."

तोगझानने वहीत लिहिलं: हळूहळू. कापणारा हात विमान वरखाली फेकतो. ते नऊ मिनिटं एकाच दिशेला नेत नाही. काहीतरी आत हळूहळू सरकत होतं.

"तुमची दांडी कार्बनची होती ना? ती थंडीत आखडत नाही."

"जवळजवळ शून्य. म्हणून तर ती घालतो. मग थंडी पाजली काय, न पाजली काय, एलिव्हेटर जागचा हलायला नको होता." त्यांच्या कपाळावर आठी पडली. "खरंच, हलायला नको होता."

३

क्लबातला सगळ्यात चांगला उडवणारा येसेन. म्हातारा गेला की शिकवणी त्याच्याकडे येणार, हे उघड होतं. शिवाय पडलेल्या विमानापाशी तोच पहिला पोहोचला होता.

तो गॅरेजमध्ये नव्या पंखावर इस्त्रीने कागद ताणत होता. मान वर न करता म्हणाला, "या मोजणीबाई. आज काय तोललंत? माझं पाप?"

"रविवारी तिथे पोहोचल्यावर तू काय उचललंस?"

"मान. म्हाताऱ्याची. गुडघ्यांवर बसला होता बर्फात."

"एलिव्हेटरची दांडी कुठे आहे?"

आता त्याने मान वर केली. "मला चोर म्हणतेस?"

"म्हणत नाही. विचारतेय. म्हणायची वेळ आली की तोंडावर म्हणेन."

"अगं, ऐक." त्याने हातातली इस्त्री आदळली. "म्हातारा घरी बसावा असं मला वाटतं का? वाटतं. पण मला त्याला हरवून बसवायचंय. गेल्या चार हिवाळ्यांत तीनदा त्याने मला हरवलंय, त्या कापऱ्या हातांनी. आता तो असा गेला तर लोक जन्मभर म्हणतील, येसेनला खुर्ची मिळाली कारण म्हातारा पडला. तुझ्यापेक्षा मी जास्त चिडलोय."

"मग बैठकीत बोलत का नाहीस?"

"काय बोलू? पुरावा काय?"  "एक गोष्ट मात्र बघितली मी. धड दुभंगलं होतं, आतून काहीतरी पिवळं लोंबत होतं. मला वाटलं तार असेल. तुकडे गोळा करून साठा सांभाळणाऱ्या ल्युदा आपायच्या खोक्यात टाकले. खोकं काझीबेक आगायनी गाडीत घातलं."

"पिवळं? नक्की?"

"मी रंग विसरत नाही. आणि म्हाताऱ्याच्या विमानात पिवळं काही नसतं. तो म्हणतो पिवळा रंग कोंबड्यांना शोभतो."

टेबलावरच्या एकोणचाळीस तुकड्यांत पिवळं काहीच नव्हतं.

४

शुक्रवारी प्रयोगशाळेतून सुटल्यावर तोगझान पुन्हा क्लबात गेली आणि धडाचे सतरा तुकडे एकेक करून दिव्याखाली धरले. धडाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांना दांडी जाण्यासाठी भोकं असतात. पाच पट्ट्यांपैकी तीन भोकांच्या कडांना ताज्या गोंदाचं वर्तुळ होतं. सुईने खरवडल्यावर एका वर्तुळातून नखाच्या कोरीएवढं प्लास्टिक निघालं. पिवळं.

कार्बनची दांडी भोकांतून मोकळी जाते, तिला गोंद लागत नाही. गोंद लागतो तो प्लास्टिकच्या नळीला. बाहेरची नळी धडाला चिकटवायची, आतली बारीक दांडी, तीही प्लास्टिकची, तिच्यातून सरकते. बसवायला सोपी, वाकते, मोडत नाही. उन्हाळ्यात बरी.

कोणीतरी दांडी बदलली होती.

साठ्याच्या कपाटापाशी ल्युद्मिला त्सोय डब्यातलं गाजराचं सॅलड खात बसल्या होत्या. क्लबाच्या चाव्या, खिळे, स्पर्धेची कार्डं, सगळं त्यांच्याकडे. क्लबात सगळे त्यांना ल्युदा आपाय, म्हणजे ल्युदाताई, म्हणत आणि त्यांना कोणी काही विचारत नसे.

"आपाय, कपाटात पिवळी प्लास्टिकची दांडी आहे?"

"लांब प्लास्टिकची? रॉबर्टने सगळ्या फेकल्या, नव्वद साली. एक मी लपवून ठेवली होती फुलांच्या वेलीला, तीही नेली मेल्याने."

"आणि या विमानाची वजनाची कार्डं?"

आपायनी दोन कार्डं काढली. ऑक्टोबरच्या स्पर्धेत दोन हजार तीनशे शहाऐंशी ग्रॅम. रविवारी सकाळी दोन हजार चारशे. चौदा ग्रॅम जास्त. तोगझानने सुकाणूची कार्बनची दांडी तोलली: नऊ ग्रॅम, आणि एलिव्हेटरची तेवढीच लांब होती. म्हणजे जी बसवली ती तेवीस ग्रॅमची. नळी आणि दांडी मिळून तेवढं वजन भरतं.

"मधल्या काळात हे विमान कुठे कुठे गेलं?"

"जानेवारीत शाळेच्या प्रदर्शनात. मी, येसेन आणि काझीबेक, तिघांनी नेलं. मग आठवडाभर इथे. किल्ल्याही आम्हा तिघांकडेच." आपायनी चमचा चाटला. "अजून एक सांगू? विचारलं नाहीस, पण सांगते."

"सांगा."

"खोक्यात किती निघाले?"

"एकोणचाळीस."

"मैदानावर मी खोक्यात एक्केचाळीस टाकले."

 "पाच दिवस झाले. कोणाला सांगितलं का नाहीत?"

"पाच दिवसांत मला कोणी विचारलं का? चौकशी समिती आली, तिने मला चहा कर म्हणून सांगितलं."

५

शनिवारी चार वाजता क्लबात अकरा माणसं होती. तापमान आत अधिक वीस, खिडकीबाहेर उणे चोवीस. अध्यक्षाच्या खुर्चीत काझीबेक आगाय, म्हणजे काझीबेकसाहेब. तीन वर्षांपूर्वी ते उबदार दक्षिणेतल्या शिमकेंतहून आले, मोठ्या आवाजाचा, पाहुण्यांना सढळ हाताने खाऊ घालणारा माणूस. रॉबर्ट गेनरिखोविच दाराशी बसले होते. हात कोटाच्या खिशांत.

"आपल्या सगळ्यांनाच वाईट वाटतंय," काझीबेक म्हणाले. "पण वय हे वय. आज बाईचं मनगट मोडलं, उद्या एखाद्याचं डोकं फुटेल. रॉबर्ट गेनरिखोविच, सही करून टाका, उगाच ताणायला नको."

"थांबा," तोगझान म्हणाली. "आधी विमानात काय होतं ते कळू द्या."

"कारागिम, अगं पोरी, समितीने बघितलंय."

"समितीने चहा प्यायलाय."

कोणीतरी खोकलं. तिने पिवळा कण कागदावर ठेवला, दोन कार्डं शेजारी ठेवली. "कार्बनची दांडी काढून प्लास्टिकची बसवली गेली. तीन जणांकडे किल्ल्या होत्या. येसेन, ल्युदा आपाय आणि तुम्ही."

"मग येसेनला विचार."

"मीही आधी त्यालाच धरला. पण बघा. प्लास्टिक थंडीत आखडतं हे इथे हिवाळ्यात उडवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. घातपात करायचा म्हणून येसेनने ही दांडी घातली असती, तर त्याला हेही माहीत होतं की रॉबर्ट गेनरिखोविच अर्धा तास थंडी पाजतात. दांडी जमिनीवरच आखडली असती, फळी वाकडी दिसली असती, त्यांनी चिमटा दोन फेरे फिरवून ती सरळ केली असती. घातपात वाया. तीस वर्षांत त्यांनी नियम मोडला नव्हता, रविवारी मोडतील हे येसेनला स्वप्नात कळणार होतं?"

"बरोबर," येसेन म्हणाला. "माझी स्वप्नं एवढी कामाची नसतात."

"म्हणजे दांडी घालणाऱ्याच्या डोक्यात थंडी नव्हतीच. ज्याला माहीत नाही, अशानेच ती घातली. ल्युदा आपायकडे तशी दांडी नाही, आणि इथे कोणती दांडी फेकली जाते हे त्यांना पाठ आहे. उरले तुम्ही. तुम्ही फक्त उन्हाळ्यात उडवता. विमान ऊबेत ठेवणं म्हणजे त्याच्यावर दया करणं, असं तुम्हालाच वाटतं. आणि मैदानावर खोक्यात एक्केचाळीस तुकडे होते, ते तुमच्या गाडीतून उतरले तेव्हा एकोणचाळीस. नळी आणि दांडी. मध्ये ते खोकं दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हतं."

काझीबेकच्या मानेवर लाली चढली. ते उठले, बाहेर गेले. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात पिवळी नळी होती, आतून दांडीची टोकं बाहेर आलेली. त्यांनी ती टेबलावर फेकली.

"घे. शाळेत गाडीचं दार शेपटीवर बसलं. तुझ्या त्या कार्बनला तडा गेला. मी माझी घातली, माझ्या ग्लायडरमधून काढून. दहा वर्षं शिमकेंतला हिच्यावर उडवलंय मी. नीट बसवली, फळी सरळ केली. काय गुन्हा केला?"

"सांगितलं का नाहीत?" हे रॉबर्ट गेनरिखोविच होते, दाराशी, बसल्या जागेवरून.

"तुम्हाला? चारचौघांत? तुम्ही मला पोरासारखं घासकागद मारायला बसवलं असतं."

"बसवलं असतं," म्हातारा म्हणाला. "मग चहा पाजला असता."

"आणि पडल्यावर?" तोगझानचा आवाज चढला. "पडल्यावर ती लपवलीत कशाला? हा माणूस सहा दिवस स्वतःच्या हातांकडे बघत बसलाय. तुम्ही समोर बसून त्याला सही करा म्हणताय. लाज वाटली नाही तुम्हाला?"

"लपवली कारण लोक हेच बोलणार होते जे तू बोलतेयस." काझीबेकनी टेबलावर मूठ ठेवली. "दांडी मी बदलली, कबूल. पण दांडीने विमान पडलं नाही. प्लास्टिक आखडून आखडून किती आखडणार? केसभर. केसभराने विमान पडत नाही, हाताने पडतं. मुद्दा तोच आहे, आणि सही व्हायलाच हवी."

समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. तोगझानच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने तोंड उघडलं ते फक्त प्रश्न विचारायला.

"रॉबर्ट गेनरिखोविच, दांडकं पूर्ण ओढलं, ट्रिमही संपवली, तर दांडी किती मागे सरकते?"

"तीन मिलिमीटर. त्यापुढे सर्व्हो जात नाही."

"सगळ्यांनी ऐकलं? वर चढायला एकूण तीन मिलिमीटर. आता केस मोजू."

तिने नळीतून दांडी ओढून काढली, टोकांचे चिमटे काढले आणि गाडीतला गारठा जाऊन ती खोलीइतकी ऊबदार होईपर्यंत टेबलावर ठेवली. कपाटातून कार्बनची दांडी घेतली, दोन्ही शेजारी ठेवून एकदम ऐंशी सेंटिमीटरला कापल्या. एका टोकाला दोघींना लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलं. दुसरं टोक मोकळं. बोट फिरवलं तर कुठेही पायरी लागत नव्हती. येसेनने बोट फिरवून बघितलं, मग समितीने, मग काझीबेकनी.

"स्टीलची पट्टी का नाही लावत?" समितीतल्या एकाने विचारलं.

"तीही आखडते. मग वाद तिच्याशी."

खिडकी उघडली. थंडी आत आली तशी माणसं भिंतीकडे सरकली. ठोकळा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून तिने खिडकी लावली आणि घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं.

ल्युदा आपायनी चहा ओतला, या वेळी स्वतःला पहिला. तळलेल्या बाउरसाकच्या गोळ्यांची परात फिरली, पण कोणी एकही घेतला नाही. काझीबेक खुर्चीत बसले नाहीत. रॉबर्ट गेनरिखोविचनी खिशातून हात बाहेर काढून गुडघ्यांवर ठेवले होते, आणि कापणाऱ्या बोटांकडे परक्याच्या बोटांकडे बघावं तसं ते बघत होते.

नऊ मिनिटं झाल्यावर तोगझानने व्हर्नियरची मापपट्टी येसेनच्या हातात दिली.

"तू वाच. माझ्यावर उगाच शंका नको."

येसेन खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकला. दोन टोकांमधल्या पायरीवर जबडा टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. मग तिसऱ्यांदा. ल्युदा आपाय पेन धरून बसल्या होत्या.

"पिवळी आखूड," तो बाहेरूनच म्हणाला. "दोन पूर्णांक आठ मिलिमीटर."

"म्हणजे तिनातलं त्यांच्या हातात उरलं शून्य पूर्णांक दोन," तोगझान म्हणाली.